दोन दिवस पळी धरायची नाही

सिन्नरहून नाशिक तासाभराचं. दात काढायला, चष्म्याचा नंबर तपासायला, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही नाशिकला जातो आणि दिवे लागायच्या आत परततो. तिथे मुक्कामाला जायचं, तेही वाढदिवसासाठी, हे मी जाहीर केलं तेव्हा येवल्याची माझी नणंद फोनवरच हसायला लागली.

"वहिनी, सिन्नरची माणसं नाशिकला ट्रिपला? उद्या शेजारच्या गल्लीत हवापालटाला जाल."

"येताय की नाही तेवढं सांगा, ताई. खोल्या ठरवायच्यात."

"येते की. मला काय, आयतं."

मलाही आयतंच हवं होतं. माझा वाढदिवस फेब्रुवारीत येतो आणि लग्नापासून सव्वीस वर्षं त्याचा स्वयंपाक मीच केला आहे. लोक जेवायला येतात, श्रीखंड वाखाणतात, फोटोच्या वेळी "अरे, ती कुठंय?" म्हणून हाक मारतात, आणि मी पुरी तळत असते. माझी तक्रार नव्हती. पण पन्नासाव्या वर्षी मला एक गोष्ट हवी होती: दोन दिवस पळी धरायची नाही. हे मी नवऱ्याला सासूबाईंच्या समोर सांगितलं, म्हणजे पुढे कुणाला "आम्हाला काय माहीत" म्हणता येऊ नये. सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्यांच्या "बरं"वरून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नियोजनाची मला धास्ती नसते. शनिवारी सकाळी मिसळ, मग जुन्या नाशकात बाजार आणि घाट, दुपारी वायनरी, मुक्काम गंगापूर धरणाच्या बाजूला एका बंगल्यात, रविवारी पांडवलेणी आणि परत. सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगळ्या पुड्यांत. पांडवलेणीच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, म्हणून खाली सावलीत बसायला घडीची खुर्ची डिकीत. बंगल्याला स्वयंपाकघर होतं एवढंच मला खटकलं होतं, पण चौघांना पुरेशा खोल्या दुसरीकडे मिळत नव्हत्या.

मिसळीच्या बाकावर बसलो, चार मिसळ सांगितल्या, आणि सासूबाईंनी आपल्यापुढची ताटली हळूच लेकीकडे सरकवली.

"मला नको. माझी चतुर्थी आहे."

मी सगळं मोबाइलच्या कॅलेंडरवर ठरवलं होतं. त्यात शनिवार होता, तारीख होती, हवामानसुद्धा होतं. संकष्टी नव्हती. ती आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती, चंद्रोदयाच्या वेळेसकट, आणि त्या भिंतीकडे मी महिनाभर मुद्दामच बघत नव्हते.

"अहो आई, सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. तुझ्या वहीत सगळं असतं."

संकष्टी म्हणजे नुसता उपास असता तर प्रश्न नव्हता. सासूबाई लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून चतुर्थी करतात. संध्याकाळी आंघोळ, चंद्र उगवला की अर्घ्य, गणपतीला मोदकांचा नैवेद्य, आणि मग उपास सोडायचा. मोदक घरचे लागतात, विकतचे चालत नाहीत. त्यांचा हात कापायला लागल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, ते मोदक मी करते.

"माझं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "चंद्र बघून कपभर दूध घेईन. तू काही करू नकोस. तुझा वाढदिवस आहे."

याहून वाईट बोलणं नसतं. ताईंनी रश्श्यात पाव बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतक्या वर्षांची चतुर्थी, आणि दुधावर सोडणार." नवरा मात्र माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर साधा विश्वास होता की हे आता मी निस्तरणार. दहा मिनिटांचं तर काम आहे, असं त्याला नेहमीच वाटत आलंय. मोदकांना दोन तास लागतात.

मी मिसळीवर लिंबू पिळलं. आत्ता हो म्हटलं असतं तर उरलेला दिवस मी खोबरं कुठे मिळेल याच विचारात फिरले असते.

"मोदक होतील, आई," मी म्हटलं. "मी करणार नाही. हे दोघं करतील."

"कोण दोघं?" ताईंचा पाव हातातच राहिला.

"आई, तुमची मुलं. दोन आहेत ना?"

सासूबाई खोकल्यासारखं काहीतरी करून हसल्या. नवरा म्हणाला, "अगं, मला चहासुद्धा…" आणि मिसळ कालवू लागला, कारण शेजारच्या बाकावरचे लोक ऐकायला लागले होते.

ताईंची अडचण खरी होती. त्या शाळेत शिकवतात; येवल्याला मोदक त्यांच्या जाऊबाई करतात आणि माहेरी मी. पन्नाशीला टेकल्या तरी मोदकाला कळी पाडलेली नव्हती. मी वहीचं पान फाडून सामान लिहून दिलं: कणीक, सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची, तेल, शिवाय नैवेद्याच्या वरण-भातासाठी डाळ-तांदूळ. यादी करणं स्वयंपाकात मोडत नाही, असं मी ठरवलं. बंगल्याच्या मालकाला फोन केला तर त्याच्याकडे कढई नव्हती. मग आम्ही जुन्या नाशकात भांड्यांच्या बाजारात शिरलो. पितळी घंगाळ्यांच्या आणि समयांच्या उतरंडींमधून नवरा एक लोखंडी कढई घेऊन बाहेर आला आणि जरा खुशीतच म्हणाला, "घे, वाढदिवसाची भेट."

"ही तुमची," मी म्हटलं. "धरा नीट."

त्याने ती घाटापर्यंत काखेत धरली. गणपतीच्या देवळात चतुर्थीची रांग होती. तासभर उभं राहून तो कढईसकट दर्शन घेऊन आला. पुजाऱ्याने त्या कढईलाही फूल वाहिलं.

दुपारी चारला वायनरी. बाहेर द्राक्षांची बाग, हंगामाचे दिवस, घड काढणं चालू. सासूबाई "मी गाडीत बसते" म्हणत होत्या, पण बाग दिसल्यावर स्वतःच उतरल्या. तिथल्या मुलीने टाक्या दाखवल्या, पिंपं दाखवली, मग आमच्यापुढे पेले मांडले आणि आधी वास घ्यायला सांगितला. पेरूचा येईल, म्हणाली. सासूबाईंनी माझ्या पेल्यात नाक घातलं.

"आंबलंय हे."

"आजी, ते आंबवतातच."

"मग आमची आंबलेली द्राक्षं आम्ही उगाच गुरांना घातली." त्या निफाडकडच्या. त्यांच्या माहेरी द्राक्षाचा मळा होता. "मला साधी दे, घडातली. उपासाला चालतात."

मुलीने बशीभर द्राक्षं आणून दिली. सासूबाई बागेकडे तोंड करून ती एकेक खात बसल्या. मी तिन्ही प्रकार चाखले. लाल मला काढ्यासारखी लागली, पांढरी आवडली. पांढरीचा आणखी एक पेला घेऊन मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. ऊन धरणावर उतरत होतं. पाच वाजले होते आणि इतर कुठल्याही चतुर्थीला या वेळी मी खोबरं किसत असते. त्या दिवशी खोबरं किसायची चिंता ताईंना होती. त्या दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होत्या.

बंगल्यावर आल्यावर सासूबाई आंघोळ करून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. मी बाहेर ओसरीवर बसले, पाय दुसऱ्या खुर्चीवर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अरे, खोबरं भाजतोयस की जाळतोयस?"

"आई, तूच म्हणालीस लाल कर."

"लाल. काळं नाही."

मग नवऱ्याची हाक आली, "अगं, पिठात मोहन किती घालायचं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तेल किती, कडकडीत की कोमट, सगळं. मी खुर्चीचे हात धरून बसले. "आईंना विचारा," म्हटलं.

पहिला मोदक तेलात फुटला. दुसराही. ताई म्हणाल्या, "दादा, तू दाबतोयस. कळी अशी वर घ्यायची, बघ," आणि तिसरा तेलात चुरचुरला. मला वाटलं, आता उठावं. एकदा तर उठून दारापर्यंत गेलेही. आत सासूबाई थरथरत्या हाताने लेकाच्या बोटांना धरून पारीला चुणी पाडायला शिकवत होत्या, ताई तळत होत्या, आणि त्या छोट्या ओट्याशी माझ्यासाठी जागाच नव्हती. मी आल्या पावली परतले आणि पुन्हा पाय वर घेतले.

नऊच्या पुढे ओसरीसमोरच्या बागेपलीकडून चंद्र वर आला. सासूबाईंनी अर्घ्य दिलं, आरती झाली, नैवेद्य दाखवला. अकरा मोदक करायचे होते, सात धड निघाले. एकाला नाक होतं, दोघांना मानच नव्हती. मग त्यांनी त्याच निरांजनाने मला ओवाळलं आणि लेकाला पहिलं ताट माझं वाढायला लावलं. नवऱ्याने वाढलं. मी बसल्या जागी जेवले. वरणात मीठ कमी होतं. मीठसुद्धा मी मागितलं आणि ते आणून देण्यात आलं.

"खरं सांगा, वहिनी," ताई म्हणाल्या, "इतके वाईट आहेत?"

"आवरण जाड आहे. सारण उत्तम. आणखी एक द्या."

सासूबाईंनी उपास सोडला, दोन मोदक संपवले, बोटं पुसली आणि लेकाकडे वळल्या.

"पुढची चतुर्थी कधी आहे रे?"

"मला काय माहीत, आई? हिला विचार."

"तिला कशाला? तुलाच करायचीय, तू बघून ठेव."

तो माझ्याकडे वळला. मला वार माहीत होता, तारीख माहीत होती, चंद्रोदयाची वेळही मी दुपारीच पाहून ठेवली होती. मी माझा मोदक खात राहिले.