आबांच्या विहिरीतली नाणी

शिरूरला स्टँडसमोर माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. क्वार्ट्झची घड्याळं आली, गिऱ्हाईक आटलं आणि दुकानात साठत गेले ते नुसते किस्से! त्यातले निम्मे हायस्कूलच्या आमच्या इतिहासाच्या सरांचे.

वडगाव रासाईच्या आबांना विहीर खोदताना गाडगं सापडलं. आत नखाएवढी, गंजून हिरवी पडलेली तांब्याची नाणी. ती घेऊन आबा दुकानात आले. माझ्या लेन्समधून बघून सर ओरडले, "रोमन! दीड हजार वर्षांच्या वरची!"

"व्हय? आन् मला वाटलं कुणाच्या कोटाची बटनं!"

तेव्हापासून सरांना एकच ध्यास. रिटायर व्हायच्या आत या नाण्यांबद्दल कुठंतरी एक ओळ छापून यावी. जन्मभर दुसऱ्यांचाच इतिहास शिकवलेला माणूस तो.

सर शिकवायचे, "राजाचं तोंड बघू नका, सगळे सारखेच. मागं बघा. दोन शिपाई, मधे निशाण. निशाणं दोन असली तर आधीचं नाणं, एकच असलं तर नंतरचं."

आबा म्हणाले, "म्हंजी तवाबी कारभार घसरला की आधी निशाणच कमी! आमच्या पंचायतीवानीच की!"

सरांनी फोटो काढून घेतले. आले नुसते काळे ठिपके. स्टुडिओवाला वर सरांनाच म्हणतो, "डोकं असंल तर फोटोत येईल ना!"

मग सर पुण्याला एका मोठ्या तज्ज्ञाकडे गेले. दोन तास बाकावर बसवून साहेबांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "ही दक्षिणेत सापडतात. तुमच्याकडे कुणीतरी आणून टाकली असतील." बाहेर शिपाई विचारतो, "गुरुजी, मोडीत घालायची का?" हे सांगताना सर हसले. मला मात्र त्या साहेबाचा अजून राग येतो.

गाडग्यातल्या एकाच नाण्यावर राजाचं नाव आणि टांकसाळीची अक्षरं वाचता येत होती; पुरावा काय तो तेवढाच. सरांनी पत्रांवर पत्रं लिहिली, तेव्हा कुठं साहेब वडगावला यायला तयार झाले. सर नाणी आदल्या दिवशीच आबांच्या घरी ठेवून आले. अक्षरं त्या हिरव्या थरातच असतात, घासायचं नसतं, हे त्यांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं. आबांच्या कारभारणीला कुणी सांगितलंच नव्हतं.

जीप आली. पुण्याचे पाहुणे म्हणून तिनं देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर नाणीही चिंच-राखेनं घासून, हळदकुंकू वाहून ताटात मांडली होती. सगळी लखलखीत, सगळी गुळगुळीत! साहेबांनी एक उचललं, उलटंसुलटं केलं आणि घड्याळाकडे बघितलं.

सर ताटाकडे बघतच राहिले. तिला वाटलं, खूश झाले.

"लई बेस दिसत्यात न्हवं, सर? त्या एकाचं हिरवं तेवढं लई चिकटून बसलं व्हतं, निघता निघंना. पर म्याबी सोडलं न्हाई!"