डावा कान

मुलगी लहान असताना मी काही वर्षं खारघरला घरूनच काम केलं. इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचे आणि ईमेलने पनवेलच्या ऑफिसात पाठवायचे. ती शाळेत जाऊ लागली तसं ऑफिसच्या सरांनी मला परत बोलावलं. मी कुरकुरतच गेले.

माझ्या डावीकडे उरणकडची एक सहकारी बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला खांद्याला धरून हलवलं.

"ताई, कवापासून हाका मारते! या कानानं तुमाला ऐकू येत नाय का?"

"कामात होते गं," मी हसून म्हणाले.

"नाय. उजवीकडून कुणी बोललं की लगेच वळता तुमी."

त्याच संध्याकाळी ती मला एसटी स्टँडजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पडद्याला भोक पडलं होतं आणि संसर्ग आत पसरत होता. ऑपरेशन वेळेवर झालं, कान वाचला.

घरी मुलगी मांडीवर चढूनच बोलायची आणि नवरा उशिरा यायचा. मला लांबून हाक मारणारं तिथे कुणी नव्हतंच. त्या मैत्रिणीचे उपकार तर आहेतच, पण सरांचेही आहेत. त्यांनी माझी कुरकुर मनावर घेतली नाही, हे किती बरं झालं!