दोन बोटं

कोणी काहीही ठरवून आलं की ताईजी उजव्या हाताची दोन बोटं वर करायच्या आणि विचारायच्या, “अन् दुसरा कोण?”

दोऱ्याचा व्यापारी पक्का झाला? दोन बोटं. माल नेणारा टेम्पो ठरला? दोन बोटं. जबलपूरच्या आमच्या सलवार-सूटच्या कारखान्यात त्या खरेदी पाहायच्या आणि मी उत्पादनाचं वेळापत्रक. सगळे त्यांना ताईजी म्हणत. घरातली ‘ताई’ आणि बाजारातलं ‘जी’. नावातसुद्धा त्यांचं एकावर भागलं नव्हतं.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचं काम संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जातं. ताईजी पालक घ्यायच्या चेरीताल मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर आणि मेथी घ्यायच्या शहराबाहेरच्या पनागरहून गाडी घेऊन येणाऱ्या भैयाकडून. भाचीच्या लग्नात त्यांनी दोन गुरुजी सांगून ठेवले होते. दोघेही आले. ताईजी गोंधळल्या नाहीत. एकाला वधूपक्षाकडे बसवलं, दुसऱ्याला वरपक्षाकडे, आणि मंगलाष्टकं अशी चढाओढीने झाली की वऱ्हाडी पंगतीचं विसरून ऐकत राहिले.

कारखान्याचे मालक शेठजी मात्र वैतागायचे. आम्हाला नाडे विणून देणाऱ्या दोन बायका होत्या, एक चेरीतालात, एक पनागरात. एकीलाच सगळं काम दिलं तर स्वस्त पडेल, असं ते दर दिवाळीच्या आधी सांगत. ताईजी मान डोलवत आणि काम दोघींत वाटून टाकत.

मग टाळेबंदी आली. शटर खाली, कारागीर घरी. ताईजींनी फोनवर शेठजींच्या मागे लागून एका रुग्णालयाचं कापडी मास्कचं काम घ्यायला लावलं. त्यामुळे कारखाना उघडायची परवानगी मिळाली, पण पहिला माल वेळेत गेला नाही तर ती रद्द होणार होती. म्हणजे कारागिरांची मजुरी पुन्हा बंद. एकेकाला फोन करून ताईजींनीच कामावर बोलावलं होतं.

कापड होतं, मशीन होत्या, हात होते. मी यादीवर खुणा करत खाली आलो आणि इलॅस्टिकवर थांबलो. आम्ही ते कधी वापरलंच नव्हतं. इंदूरच्या एका व्यापाऱ्याने पाठवतो म्हटलं होतं. त्या सकाळी त्याचा फोन आला की गोदामाला कुलूप लागलंय.

मी ताईजींसमोर दोन बोटं वर केली.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या.

हे उत्तर त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच ऐकलं. शिलाईच्या हॉलमध्ये मशीन एकेक करून थांबल्या. ताईजी उठल्या आणि लग्नसराईसाठी शिवून पडून राहिलेल्या सलवारींच्या खोक्याशी जाऊन बसल्या. एक सलवार काढून उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी तिचा नाडा सर्रकन ओढून काढला, कात्रीने चार तुकडे केले, मास्कच्या चार कोपऱ्यांना टाचले आणि माझ्या डोक्यामागे दोन गाठी मारल्या.

“बोला आता काही.”

मी वेळापत्रक वाचून दाखवलं. श्वास नीट येत होता, मास्क जागचा हलत नव्हता.

“मग काहून बसून राहिले, भाऊ? खोके उघडा.”

खोक्यांतले नाडे संपायच्या आत नवे हवे होते. चेरीतालची गल्ली नेमकी तेव्हाच सील झाली. पनागरची बाई आणि तिच्या जावा दोघींच्या वाट्याचं विणू लागल्या, आणि भाजीवाला भैया आमच्या परवानगीची नक्कल गाडीच्या काचेवर चिकटवून भोपळ्यांच्या शेजारी नाड्यांचं गाठोडं आणू लागला. पहिला माल वेळेत गेला.

फक्त नाडे होते गुलाबी, पोपटी, शेंदरी. रुग्णालयातून फोन आला तेव्हा शेठजींनी तो न उचलता माझ्याकडे सरकवला. पलीकडे नर्सबाई होत्या.

“भैया, गुलाबी डोरी वाले और मिलेंगे क्या? बच्चों के वार्ड में सबको वही चाहिए।”

बाजार उघडल्यावर बड़ा फुहारा पेठेतल्या एका दुकानदाराचाही फोन आला. त्याच्याकडे गेलेल्या सगळ्या सलवारी बिननाड्याच्या होत्या. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून विचारत होतं की ही घालायची कशी. ताईजी हसून हसून खुर्चीत मागे कलल्या, पदराने डोळे पुसले आणि नाडे मागवले, अर्धे पनागरहून, अर्धे चेरीतालातून. दोन नाडेवाल्या कशाला, हे शेठजींनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे ताईजी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. त्यांनी पोपटी नाड्याचा मास्क बांधला होता, त्याची टोकं पाठीवर लोंबत होती. गाडी सुटता सुटता मी अभिमानाने सांगितलं की बटणांसाठी नवा व्यापारी मिळालाय, अगदी भरवशाचा.

गाडी हलली. खिडकीच्या गजांतून दोन बोटं बाहेर आली. शेजारच्या हमालाला वाटलं बाई काहीतरी जिंकून निघाल्यात, त्यानेही हसत दोन बोटं दाखवली.

मी डब्याबरोबर चालू लागलो. “दुसरा शोधून राहिलो, ताईजी.”

डबा दिसेनासा होईपर्यंत बोटं खाली आली नाहीत.