सांडपाण्यातले पाहुणे

माझी मावसबहीण शैला कोंबड्या पाळते. तिच्या शेडच्या दाराशी जंतुनाशकाचा ट्रे असतो. त्यात पाय बुडवल्याशिवाय ती कलेक्टरलाही आत सोडणार नाही.

यंदा पिल्लांना जुलाब लागले, रोज दोन-चार दगावू लागली आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला जंतू दाद देईनात. मग डॉक्टरांनी बाटली आणली. "यात विषाणू आहेत, ताई. ते फक्त हे जंतू खातात, पिल्लांना काही करत नाहीत."

"आणले कुठून?"

"पोल्ट्रीच्या सांडपाण्यातून, नीट गाळून."

शैलाने नाक मुरडलं, पण बाटली पिल्लांच्या पाण्याच्या टाकीत ओतली. फक्त त्याआधी सवयीने पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली. कळल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, जेवायला बोलावलेत आणि दारातच मारलेत की!"

मला वाटलं, जन्मभर आपण जंतूंच्या नावाने फडकी मारत हिंडलो. आता त्यांच्याच भाऊबंदांपैकी कुणाला तरी हातापाया पडून आपल्या बाजूने बोलवायची वेळ आली. घाण घाण म्हणतो, तिच्यातच आपली माणसंही राहतात.

शैलाने टाकी धुऊन साधं विहिरीचं पाणी भरलं, दुसरी बाटली ओतली आणि चक्क हात जोडले. "या बाबांनो, पोटभर जेवा."

पिल्लं पाणी पितात का ते बघायला मी पाऊल उचललं, तोच ती कडाडली, "पाय!"

सांडपाण्यातले कोट्यवधी विषाणू नमस्कार घेऊन आत गेले होते. नात्यातली मी मात्र ट्रेमध्ये पाय बुडवून दारातच उभी होते.