सुई बदलली होती

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या चौकात एका ट्रेलरमागे अडकलो होतो. फोनवर संजय, आमच्या भोसरीतल्या जुन्या वर्कशॉपचा. "लिव्हर संपलं होतं म्हणे राव. गळ्यात तुळशीची माळ, पण आतून पिणं चालू असणार." मी नुसता "हं" म्हणालो.

दत्ता लातूरकडचा. लेथवर माझ्या हाताखाली होता. मी शिफ्टचा सुपरवायझर. माणूस मोठा गमत्या. कंपनीच्या पार्टीत शेंगदाण्यांची प्लेट स्वतःकडं ओढायचा आणि म्हणायचा, तुम्ही प्या, चाखण्याची जबाबदारी माझी. दारूच्या थेंबाला त्यानं कधी हात लावला नाही.

तापाच्या दिवसांत अर्धी शिफ्ट अंग धरून यायची. रजा द्यावी तर माल अडकायचा. मग जेवणाच्या सुट्टीत तिघाचौघांना रिक्षात कोंबून मी मागच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं न्यायचो. आमच्यात नुसत्या गोळ्या देणाऱ्याला कुणी डॉक्टर म्हणायचं नाही. सुई टोचली की माणूस परत मशीनवर उभा. दत्ता कुरकुरायचा, "भाऊ, गोळ्यांनी बी जाईल की." मी म्हणायचो, गोळीचा गुण शिफ्ट सुटल्यावर येतो. सगळे हसायचे. तोही हसायचा आणि बाही वर करायचा.

एकदा मी पडद्याच्या आत उभा होतो. कंपाउंडरनं आमच्यातल्या एकाला टोचलं, सुई काढून नवी लावली आणि त्याच सिरिंजमध्ये औषध ओढून दत्ताला दिलं. सिरिंजच्या तोंडाशी एक लालसर रेघ होती. मला ती दिसली. लेथवर कुणी नुसती कापायची टीप बदलली आणि होल्डरमधला लोखंडाचा कीस तसाच ठेवला, तर मी त्याच्या अंगावर धावून जायचो. तिथं मात्र मनाशी म्हणालो, सुई बदलली ना, मग झालं. पुढच्या तापालाही त्यांना तिथंच नेलं.

बऱ्याच वर्षांनी दत्ताला रक्ताची उलटी झाली. तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला; लिव्हर केव्हाच आक्रसलं होतं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलंय? इंजेक्शनं कुठं घेतली? दत्तानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं. "आठवत नाही," तो म्हणाला. त्याला आठवत होतं...

त्या सिरिंजमुळंच झालं, हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही. या आधाराला मी खूप दिवस टेकून बसलो. पण दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर त्याचा मेहुणा पुटपुटला, माळेची तरी लाज ठेवायची होती. मी नदीकडं पाहिलं.

गेल्या रविवारी मोशीला दत्ताच्या घरी वहिनींकडं गेलो आणि सगळं सांगितलं, त्या लालसर रेघेसकट. मग त्यांनी घाटावर पुटपुटलेल्या त्या भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यासमोर धरला. "आता मला सांगितलं तसंच ह्याला सांगा, भाऊजी."

सांगितलं. पलीकडून कुठल्यातरी कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तुमचं रक्त तपासलं का?" वहिनींनी विचारलं. त्या डॉक्टरकडं मीही कैकदा बाही वर केली होती. तपासलं मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी रक्त देऊन आलो. संजयसकट ज्यांचे नंबर सापडले त्या सगळ्यांना फोन केले. वेळेत कळलं तर हा आजार गोळ्यांनी बरा होतो. हो, गोळ्यांनीच... माझा रिपोर्ट अजून यायचाय.

त्या रविवारी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "शेवटी शेवटी मलाबी शंका यायला लागली होती, भाऊजी. त्यांना ते कळलं होतं. कामावरून आले की बूट काढायच्या आधी हितंच उभे राहायचे, माझ्या तोंडासमोर वाकून 'हा' करायचे. घे, वास घे, म्हणायचे. हसत."

मग त्या म्हणाल्या, "आणि मी घ्यायचे."

त्या उंबऱ्यात मी श्वास धरूनच चपला घातल्या.