पिवळ्या पाकिटावरची तारीख

मंडळी, आज इथे जर्मनीत, आखन शहरातल्या निर्वासित सल्ला केंद्रात दुभाषी म्हणून बसले होते. घानाची एस्थर आली, आश्रयाचा अर्ज फेटाळल्याचं पत्र घेऊन. घाना जर्मनीच्या ‘सुरक्षित देशां’च्या यादीत आहे, त्यामुळे तिला कोर्टात जायला जेमतेम एक आठवडा.

मी पत्र काढलं आणि सवयीने ते पिवळं सरकारी पाकीट कचऱ्यात टाकलं. तिने शांतपणे वाकून ते उचललं. “पोस्टमनने यावर तारीख लिहिलीय. माझा आठवडा तिथून मोजतात.”

ती राहते त्या निर्वासितांच्या निवाऱ्यातल्या सगळ्या बायकांना हे तिनेच शिकवलंय!

“कोर्टात काय सांगणार?” मी विचारलं.

“देश सुरक्षित असेल. माझं घर नव्हतं.”

चार वर्षं इथे पीएचडी करतेय, पण अशा पाकिटावरची तारीख मी कधी वाचलीच नव्हती. तुम्ही वाचलीय?