सव्वा व्होल्ट

व्हिडिओत ओव्हरक्लॉकिंग शिकवणाऱ्या तमाम गुरूंना माझा कोपरापासून नमस्कार. टोपी उलटी घालायची, मागे जांभळे दिवे लावायचे आणि प्रोसेसरची खरी ताकद बाहेर काढतो म्हणून बोंबलायचं. व्होल्टेजचा विषय निघाला की मात्र यांची भंबेरी उडते. एक म्हणतो एक पॉइंट तीनपर्यंत ठेवा, दुसरा म्हणतो चारपर्यंत बिनधास्त चढवा. का, ते दोघांनाही ठाऊक नसतं. खाली हजार माणसं "थँक यू सर" लिहितात.

मला हे सगळं हौस म्हणून नको होतं. मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्षभराचं काम बाहेरून आलेल्या आर्किटेक्ट मंडळींसमोर मांडायचं, त्याला ज्युरी म्हणतात, आणि पास-नापास त्यावरच ठरतं. लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, कामगारांसाठी एक दवाखाना मी कागदावर काढला होता. फाटकातून आत शिरून, ओपीडीवरून, मागच्या अंगणापर्यंत चालत गेल्यासारखी त्याची फिल्म करायची होती. अशा फिल्मचं एकेक चित्र कॉम्प्युटर स्वतः रंगवत बसतो, त्याला रेंडर म्हणतात. माझ्या डेस्कटॉपला त्यासाठी चार दिवस लागणार होते. ज्युरी सोमवारी, आणि शेवटचे बदल संपणार गुरुवारी. म्हणून त्याला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, म्हणजेच ओव्हरक्लॉक करणं, भाग होतं.

जास्त पळवायचं तर प्रोसेसरला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं. कमी पडलं तर तो काम करता करता अडतो आणि पडदा निळा होतो. जास्त झालं तर तो तापतो आणि आतून झिजतो. ही झीज परत भरून येत नाही. यात खरं शहाणपण म्हणजे जेमतेम पुरेल तेवढंच देणं. मी तीन आठवडे तेच केलं. व्होल्टेज एक पायरी खाली आणायचं, दोन तास मशीनकडून काम करून घ्यायचं, तापमान वहीत लिहायचं, परत एक पायरी खाली. शेवटी एक पॉइंट सव्वीसवर आमचं जमलं.

आमचं घर भिवंडीजवळ, कोन गावात. घराला लागूनच लूमची शेड आहे आणि ती माझा दादा चालवतो. दुपारी सगळ्या वस्तीत लूम चालू असतात, लाइनचं व्होल्टेज पडतं, मोटारी कण्हायला लागतात. मग दादा उठतो आणि भिंतीला टेकवलेल्या मोठ्या स्टॅबिलायझरची मूठ फिरवतो. काटा वर चढला, लूम खणखणले, की परत चहाला येतो. व्होल्टेज या विषयावरचं भिवंडीचं एकूण ज्ञान इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

तर हा दादा रोज चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभा राहायचा. मी कुठली बटणं दाबते ते बघायचा. एकदा पडद्यावरचा आकडा वाचून खदाखदा हसला.

"सव्वा व्होल्ट? अगं बाय, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलात दीड असतो. तुझा येवढा डबा सव्वावर चालतोय?"

"हो."

"आपल्याकडं वीस व्होल्ट इकडचे तिकडं झाले तरी कुणी बघत न्हाय, आन् तू पॉइंटमधी मोजतेस. कशाला लागतंय येवढं बारीक? सांग की."

"तुला नाही कळणार, दादा."

हे मी त्या तीन आठवड्यांत किती वेळा म्हटलं असेन, त्याची नोंद मात्र वहीत नाही. दहावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस, त्याला काय समजावायचं, असं मला मनापासून वाटत होतं. मी तर इंग्रजीतली तीनशे पानी माहिती वाचलेली बाई.

गुरुवारी संध्याकाळी या वाचलेल्या बाईने एक अक्कल पाजळली. मशीन इतकं शहाण्यासारखं चालतंय, तर अजून दोन पायऱ्या खाली येऊ, असं मी ठरवलं. गरज शून्य. वहीत आकडा छान दिसला असता आणि वर्गातल्या पोरांना दाखवता आला असता, एवढंच. तपासायला दोन तास हवे होते, मी वीस मिनिटांत आटोपलं. शुक्रवारी सकाळी रेंडर लावलं, अडलंच तर कुठलं बटण दाबायचं ते दादाला दाखवलं आणि मॉडेल जमा करायला कॉलेजला गेले.

अकराला दादाचा फोन आला. "पडदा निळा झालाय."

"बंद करून चालू कर. दाखवलंय ते बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस."

साडेअकराला परत फोन. "परत पडला गं. त्याला कमी पडतंय का काय?"

बरोबर बोलत होता. मी गुरुवारी उतरवलेल्या दोन पायऱ्याच कमी पडत होत्या. पण मी म्हणाले, "तुला नाही कळणार, तू फक्त चालू कर." बाराचा फोन मी सरांसमोर उभी होते म्हणून कापला.

मग दादाने त्याला येत होतं ते केलं. सुरू होताना डिलीट दाबायचं, तिसऱ्या पानावर जायचं, आकड्यावर येऊन प्लस दाबायचं, हे सगळं त्याने माझ्या पाठीमागे उभं राहून पाठ केलं होतं. त्याने प्लस दाबत दाबत आकडा दीडवर नेला. निदान घड्याळाच्या सेलाइतकं तरी असू दे, असा हिशेब.

मी चारला घरी आले तर पंख्याचा आवाज ओट्यावर ऐकू येत होता. दादा मशीनसमोर खुर्ची टाकून बसला होता, कपाळावर घाम, चेहरा खूश. लूमचा एक कारागीर शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होता.

"बारापासून एकदा पण बंद न्हाय पडला," दादा म्हणाला. "मीच बसलोय हितं."

मी तापमान बघितलं. शंभर. इतका तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यामुळे तो कंपनीच्या मूळ वेगापेक्षाही हळू चालत होता. व्होल्टेज वाढवून आम्ही त्याला मंद केलं होतं. मी सरळ पाठीमागचं बटण बंद केलं.

"का बंद केलास? चालत होता ना!"

"अडाणी!" मी ओरडले. "जाळलास तू तो. अक्कल नाही तर हात कशाला लावतोस?"

कारागीर खाली मान घालून शेडमध्ये निघून गेला. दादाने खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तोही गेला.

प्रोसेसर पूर्ण मेला नव्हता, पण कामातून गेला होता. एक पॉइंट सव्वीसवर तो उभाच राहीना. जास्त दिलं की तापायचा, कमी दिलं की अडायचा. शेवटी मूळ वेगाच्याही खाली आणून शनिवार-रविवार जेवढं झालं तेवढं करून घेतलं. सोमवारी ज्युरीसमोर माझ्या दवाखान्याचं फाटक उघडलं, कॅमेरा पायऱ्या चढला, ओपीडीच्या दारापाशी आला आणि फिल्म संपली. एका बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी कागदावरचे नकाशे पुढे केले. पास झाले, जेमतेम.

घरी आले तेव्हा दादा शेडमध्ये एका लूमचा पट्टा बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "किती द्यायला पायजे होतं ते तरी सांग आता."

मी एका पोत्यावर बसले. समोर पट्टा होता म्हणून त्याच्यावरूनच सांगितलं. लूमचा वेग वाढवायचा तर तू पुली बदलतोस. मग पट्टा थोडा जास्त ताणावा लागतो, नाहीतर घसरतो. प्रोसेसरचं व्होल्टेज म्हणजे हा ताण. घसरणार नाही इतकाच हवा. त्याहून जास्त कितीही ताणलं तरी लूम काही जोरात पळत नाही.

दादाचा हात थांबला.

"ताणलं तर बेरिंग जळतंय," तो म्हणाला. "मंग दीडवर कोण न्हेल? इतकं तर पोराला पण कळतंय."

"हो."

"येवढंच होतं?"

एवढंच होतं. पट्टा बसवून व्हायच्या आत सांगून झालं होतं.

"आन् तू तीन आठवडे बोलतेस, तुला न्हाय कळणार," दादा म्हणाला, आणि पाना घेऊन पुढच्या लूमकडे गेला.